सत्कार राहू द्या, संध्याकाळी फाटक उघडा

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
आमच्या शाळेची शिक्षण संस्था, नागपूर

सप्रेम नमस्कार.

आपलं निमंत्रण पोचलं. शाळेच्या वर्धापनदिनाला 'तीन पिढ्या बास्केटबॉलचं वेड जपणारं कुटुंब' म्हणून आमचा सत्कार करायचं संस्थेनं ठरवलंय. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पाहुण्यांच्या हस्ते मानपत्र. मानपत्राचा मसुदाही सोबत होता. त्यात एक वाक्य आहे : 'या कुटुंबाच्या रक्तातच बास्केटबॉल आहे.' बाबांनी कागद शांतपणे वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "शुद्धलेखन तपासून घ्या म्हणावं."

त्याच आठवड्यात शाळेच्या फाटकावर नोटीस लागली. बास्केटबॉलच्या कोर्टावर कृत्रिम टर्फ टाकणार, चारही बाजूंनी जाळी लावणार, वर दिवे, आणि संध्याकाळी पाचपासून रात्री उशिरापर्यंत बॉक्स क्रिकेटसाठी ताशी भाड्यानं देणार. खाली बारीक अक्षरात, 'बास्केटबॉलच्या रिंग्ज कायम ठेवण्यात येतील.'

दोन्ही कागदांवर सही एकाच सचिवांची. म्हणून दोन्हींचं मिळून एकच उत्तर देते, आणि ते चारचौघांत देते, कारण माजी विद्यार्थ्यांनी आधी दिलेल्या अर्जाची पोच तेवढी मिळाली, उत्तर आलं नाही.

सत्कार आम्ही घेणार नाही. यात रुसवाफुगवा काही नाही. मानपत्रातलं ते वाक्य चुकीचं आहे, आणि ते खरं मानलं की नोटीसही रास्त वाटायला लागते. खेळ जर आमच्या रक्तातच असेल, तर कोर्ट गेल्यानं आमचं काय बिघडणार?

रक्ताचं सांगते. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे. त्यांना कुस्ती कळायची, भजन कळायचं. बास्केटबॉलचा सामना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बाबा या खेळात आले ते दहावा गडी कमी पडला म्हणून. पन्नासचं दशक संपत आलं होतं. घर शाळेच्या समोरच्या गल्लीत. पीटीच्या सरांना पाच-पाचचे दोन संघ करायचे होते आणि पोरं जमली होती नऊ. बाबा हातात भाजीची पिशवी घेऊन फाटकापाशी बघत उभे होते. सर ओरडले, "ए पोट्ट्या, पिशवी ठेव तिथं अन् ये इकडं." त्या दिवशी भाजी अंधार पडल्यावर घरी पोचली आणि बाबांना आजोबांच्या हातचं जे मिळायचं ते मिळालं. दुसऱ्या दिवशी पाचला ते पुन्हा फाटकाशी. आमच्या 'परंपरे'चा उगम हा इतकाच. त्या संध्याकाळी दहावा पोरगा दुसरा कुणी मिळाला असता तर आज मानपत्र त्याच्या नावानं निघालं असतं.

तेव्हाचं कोर्ट मुरमाचं. पोरंच पाणी मारायची, रूळ ओढायची, सुतळी ताणून फक्कीच्या रेघा मारायची. बोर्ड लाकडी फळ्यांचा. चेंडू चामड्याचा, एकच, सरांच्या खोलीत कुलपात. पावसात भिजला की इतका जड व्हायचा की बारकी पोरं रिंगपर्यंत फेकूच शकायची नाहीत. शिवण उसवली की तो मोच्याकडे जायचा आणि तेवढे दिवस खेळ बंद. हवा बरोबर आहे का हे बघायची सरांची पद्धत अशी : चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडायचा, उसळून कमरेच्या वर आला तर ठीक. बाबा आजही दुकानात चेंडू घेताना हेच करतात. दुकानदार म्हणतो, काका, कॉस्कोचा आहे, नवा आहे. बाबा म्हणतात, असू दे.

सर पाचला फाटक उघडायचे. पोरगा कुठल्या वस्तीतला, या शाळेचा आहे की नाही, हे विचारायचे नाहीत. मारामारी नको आणि दिसेनासं झालं की चेंडू जमा, एवढ्या दोनच अटी. त्यांना पगार पीटीच्या तासांचा मिळायचा, संध्याकाळचा नाही. संस्थेच्या तेव्हाच्या विश्वस्तांनीही कधी त्याबद्दल हरकत घेतली नाही, हे मुद्दाम नोंदवते. आपल्या आधी त्या खुर्च्यांवर बसलेली माणसं मोठ्या मनाची होती.

या खेळाची मोठी गोष्टही फार वेगळी नाही. डिसेंबर १८९१. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची प्रशिक्षण शाळा. बाहेर कडाक्याची थंडी, आत कवायतीला कंटाळलेला अठरा तरुणांचा दंगेखोर वर्ग. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम टाइप करून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊचे संघ केले. थंडीसाठी, तेही छपराखाली काढलेला हा खेळ आम्ही नवतप्याच्या तोंडावर उघड्या सिमेंटवर खेळतो, ही थट्टा नेस्मिथला नक्की आवडली असती. आपल्या देशात तो रुजवला तोही वायएमसीएनंच. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि तिथून शिकून निघालेले शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले.

मुंबईच्या नागपाड्याचं तर नावच घ्यायला हवं. दाटीची, कामकरी वस्ती. तिथं अमेरिकन मिशनच्या लोकांनी नेबरहूड हाउस नावाचं वस्तीचं समाजकेंद्र चालवलं. पुढं टाटा इन्स्टिट्यूट म्हणून नावारूपाला आलेली समाजकार्याची शाळा १९३६ मध्ये त्याच वास्तूत सुरू झाली. तिथल्या आणि वायएमसीएच्या छोट्याशा कोर्टांवर गल्लीतली पोरं खेळायला लागली, आणि त्या एका मोहल्ल्यानं पिढ्यान् पिढ्या देशाला खेळाडू पुरवले. अब्बास मुंतसीर तिथलेच. भारताचे कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार. बाबा रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून लागल्यावर एका स्पर्धेला मुंबईला गेले होते, तिथं त्यांनी मुंतसीरना खेळताना पाहिलं. अजून सांगतात : चेंडू हातात आला की हा माणूस आधी घाई सोडून द्यायचा. मला वाटतं बाबांनी आयुष्यभर दुसऱ्या कुणाची नक्कल केली असेल तर ती एवढीच. जमली नाही ते सोडा.

आपले अध्यक्ष फोनवर मला लेब्रॉन जेम्सचं उदाहरण देत होते. बापलेक एकाच संघातून एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, उतरले, २२ ऑक्टोबर २०२४ ला, लेकर्सकडून. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. खरंय, आम्हीही घरी बघितलं आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या पोराला हवं तेव्हा हवं ते कोर्ट मिळत होतं, अध्यक्षसाहेब. त्यापेक्षा वाराणसीच्या सिंग बहिणी बघा. पाच जणी. दिव्यानं भारताचं कर्णधारपद केलं, प्रशांतीला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवात घराजवळच्या कॉलेजच्या कोर्टावर. थोरली जायला लागली म्हणून धाकट्या तिच्यामागं गेल्या. जवळच्या कोर्टाऐवजी तिथं भाड्याचं टर्फ असतं तर पाचही जणी घरीच राहिल्या असत्या.

आता मानपत्रातल्या एका वगळलेल्या नावाबद्दल. आपण बाबांचं, माझं आणि माझ्या लेकीचं नाव लिहिलंय. आईचं नाही.

मी ऐंशीच्या दशकात खेळायला लागले तेव्हा मुलीला संध्याकाळी मैदानावर एकटं पाठवायची रीत आमच्या वस्तीत नव्हती. बाबा ड्यूटीवर. मग आई यायची. स्वयंपाक आटोपून, पदर खोचून, कोर्टाच्या कडेला दगडावर बसायची. पहिले काही दिवस तिनं भरतकाम आणलं, मटार सोलायला आणले. मग कंटाळली. सरांच्या शेजारी जाऊन बसली आणि विचारलं, हे काय लिहिता? सरांनी स्कोअरशीट दाखवलं. दोन गुणांची बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीचा, भरीव ठिपका. फाउल झाला की त्या मुलीच्या नावापुढच्या चौकटीत खूण, पाच भरल्या की ती बाहेर. मला खेळताना जे दिसायचं नाही ते आईला त्या कागदावर दिसायचं. रात्री पोळ्या लाटताना म्हणायची, "तुझे चारही फाउल डाव्या हाताचे आहेत गं. ती पोरगी डावीकडून आली की तू उगाच हात घालतेस." आयुष्यात तिनं चेंडू हातात धरला नाही. पण पुढं कितीतरी वर्षं जिल्ह्याच्या सामन्यांना टेबलावर तीच बसायची, आणि तिच्या शीटवर वाद झाल्याचं मला आठवत नाही. रेघेबाहेरून घातलेल्या बास्केटला तीन गुण, हा नियम आला तेव्हा नंबराभोवती गोल करायला ती पंचांच्या आधी शिकली. बाबांच्या कपाटात तिची काही शीटं अजून आहेत. आम्हा तिघांपैकी कुणाच्याही पदकापेक्षा मला ती दाखवायला आवडतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. सत्कार करायचाच असेल तर त्या दगडावर आईला बसू देणाऱ्या, आणि तिला 'बाई, तुमचं इथं काय काम' असं न विचारणाऱ्या शाळेचा करा.

कोर्टावरच्या रंगाबद्दलही बोलते, कारण तो रंग द्यायला पैसे नाहीत असं सांगितलं जातं. आपल्या कोर्टावरची 'डी', म्हणजे रिंगखालचा आखलेला भाग, अजून खाली रुंद, वर अरुंद अशी आहे. माझ्या वेळची. बाहेरची तीन गुणांची रेघ सव्वासहा मीटरवर आहे, तीही माझ्या वेळची. १९८४ मध्ये फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, तो नियम आणला, नागपूरच्या शाळांत रेघ उमटायला आणखी थोडा वेळ गेला. २०१० मध्ये नियम बदलले. डी सरळ चौकोनी झाली, रेघ पावणेसात मीटरवर गेली. आपल्याकडे कुणी ब्रश उचलला नाही. माझी लेक याच रेघांवर वाढली. सतरा वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धेत दुसऱ्या शाळेच्या कोर्टावर ती सवयीनं जिथं उभी राहायची तिथून फेकत राहिली, चेंडू जाळीत गेला, आणि पंचांनी दोन बोटं दाखवली. अर्धा मीटर आत होती. सामना आम्ही तसाही सणसणीत हरलो, त्यामुळं गाऱ्हाणं त्याचं नाही. पण आपल्या शाळेची प्रत्येक मुलगी बाहेर खेळायला जाते तेव्हा दीड दशक जुनं कोर्ट पायांत घेऊन जाते. एक डबा रंग, एक मोजपट्टी आणि दोन माजी विद्यार्थी. रविवारचं काम आहे. परवानगी मागितली होती.

आणि बाबांचा फ्री थ्रो. ज्यांनी पाहिलाय त्यांना हसू आवरत नाही. गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी, चेंडू मांड्यांच्या मधून खालून वर. सरांनी शिकवला तसाच. वेडावाकडा दिसतो, पण शास्त्र पक्कं आहे : चेंडू हळू फिरतो, अलगद उतरतो, रिंगवर आपटला तरी लांब उडत नाही. एनबीएतल्या विल्ट चेंबरलेननं २ मार्च १९६२ ला एका सामन्यात शंभर गुण केले, तेव्हा असेच खालून टाकून बत्तीसपैकी अठ्ठावीस फ्री थ्रो घातले होते. पुढं लाज वाटते म्हणून त्यानं ते सोडलं. तिथल्याच रिक बॅरीनं मात्र कारकीर्दभर खालूनच टाकले आणि त्याचे शंभरातले नव्वदच्या आसपास पडायचे. त्याचे पाचही मुलगे बास्केटबॉलपटू झाले, पण बापाची ती पद्धत उचलली एकट्या धाकट्या कॅन्यननं. बाकीच्यांना नको वाटली. बघा म्हणजे, रक्ताचं असतं तर पाचही जणांनी उचलली असती.

मीही नाही उचलली. मैत्रिणी हसतील म्हणून बाबांनी कितीदा सांगूनही ऐकलं नाही. लेकीनं उचलली. बाबांचे गुडघे गेल्यावर ते संध्याकाळी कोर्टाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. ही सातवी-आठवीत, फ्री थ्रो काही केल्या पडेना, चिडलेली. एक दिवस आजोबांना म्हणाली, तुम्ही करून दाखवा. ते खुर्चीवर बसूनच दाखवायला लागले, चेंडू नाही, नुसते हात : मनगटं आत, अंगठे वर, सोडताना बोटं आभाळाकडे. "हात ढिले सोड. पाण्याची बादली हलवतेस तशी. आता श्वास सोड, मग चेंडू सोड." तिच्या बरोबर आलेली आणखी दोन पोरं शेजारी उभी राहून तेच करायला लागली. त्यातला एक सिक्युरिटीवाल्या काकांचा मुलगा. आज जिल्ह्यात खालून फ्री थ्रो टाकणारे जे कोण असतील त्यात तो आहे, आणि आमच्याशी त्याचं रक्ताचं काही नातं नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं समजू नका. मी बँकेत आयुष्य काढलंय. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, आलं तर पुरत नाही; विजेचं बिल, शिपायांच्या रिकाम्या जागा, गळकं छत, सगळं संस्थेच्या माथी. टर्फवाला ठेकेदार आगाऊ रक्कम देतोय, ती सोडवत नाही, हेही कळतं. पण नोटिशीतल्या त्या बारीक ओळीबद्दल एक विनंती. रिंग्ज कायम ठेवणार म्हणता ना? ठराव करण्याआधी शहरातल्या कुठल्याही टर्फवर जा, चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडा आणि किती उसळतो ते बघा. जिथं ड्रिबल होत नाही, चेंडू टप्पे देत नेता येत नाही, तिथं रिंग म्हणजे कपडे वाळत घालायची सोय.

पैसे कोर्टातूनही उभे राहू शकतात, फक्त ते बास्केटबॉलचे असावेत. दिवे लावाच. रात्री आठनंतर नोकरी करणारे, कॉलेजातले, आमच्यासारखे गुडघ्यांना पट्टे बांधून खेळणारे, सगळे पैसे देऊन खेळतील. शहरात रात्री दिवे असलेली कोर्टं आहेतच किती? थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन-तीन खेळाडूंचा बास्केटबॉल, आता ऑलिंपिकमध्ये आहे, टोकियोपासून. त्याला एक रिंग आणि पंधरा बाय अकरा मीटर जागा लागते, सामना दहा मिनिटांत किंवा एकवीस गुणांना संपतो. एका संध्याकाळी कितीतरी संघ खेळून जातात, प्रवेश फी घेता येते. लहान मुलांसाठी दोन मीटर साठ सेंटिमीटरवर रिंग लावली तर उन्हाळी शिबिरातली अर्धी पोरं रडत घरी जाणार नाहीत. तीन मीटर पाच सेंटिमीटरची रिंग आठ वर्षांच्या पोराला आभाळात दिसते. आणि टर्फच हवं असेल तर सायकल स्टँडच्या मागची मोकळी जागा आहे, जिथं सध्या मोडकी बाकं पडलीयत. ठेकेदाराला ती दाखवली का, हे मात्र नोटिशीत कुठं दिसलं नाही.

या सगळ्यातून पाच ते सात एवढे दोन तास फुकट ठेवा. फाटक उघडं, वही नाही, ओळखपत्र नाही, फी नाही. आमच्या लेकीची चिंता करू नका. ती कॉलेजच्या संघात आहे, तिच्याकडे स्वतःचा चेंडू आहे, स्कूटी आहे, ती कुठंही जाऊन खेळेल. मी बोलतेय ते हातात पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या असणाऱ्यांबद्दल.

चालवायला माणूस कोण, हा प्रश्न सभेत येईल. माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याचे वार वाटून घेतलेत, यादी अर्जासोबत जोडली आहे. चेंडू आम्ही देऊ. जाळ्याही देऊ, सध्या एका रिंगला जाळी नाही आणि दुसरीची तीन आकड्यांवर लटकतेय.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी विश्वस्तांची सभा आहे असं कळलं. तारीख कळवावी, ठेकेदाराच्या रकमेशी ताळा घालून हिशेबाचा कागद घेऊन मी येते. बाबाही येतो म्हणालेत. त्यांना जिना चढवत नाही, तेव्हा सभा वरच्या दालनाऐवजी खाली शिक्षकांच्या खोलीत ठेवता आली तर बरं होईल.

आपली,
शाळेची एक माजी विद्यार्थिनी